उलटा

रंगारी गेले आणि फ्रेम परत भिंतीवर चढली ती उलटी. मागचा हूक निखळला होता म्हणे, तर रंगाऱ्यानं नवा ठोकून दिला, खालच्या बाजूला. दिवाळीपासून तशीच आहे. एवढे लोक फराळाला येऊन गेले, कुणाला पत्ता नाही. मलाही परवा लक्षात आलं.

फोटो अहमदाबादचा. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत, १९५४ची. पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटचे उभे पट्टे आहेत, तिरके लावलेले. दुपारचं ऊन अडावं पण वारा आत यावा म्हणून. त्यातला एक तुकडा मी घेतला होता. दार नाही, रॅम्प नाही, आकाश नाही, माणूस तर नाहीच. पट्टे, स्लॅबची कड आणि सावल्या, बस. इमारत ओळखू येऊ नये अशीच इच्छा होती. ती इतकी पुरी होईल असं वाटलं नव्हतं. (त्या वेळी बरोबर कोण होतं, ते जाऊ दे.)

मावशी भाऊबीजेला म्हणाली होती, "फोटो आता कसा छान दिसतोय गं! भिंतीच्या रंगामुळे असेल."

तेव्हा मी खूश झाले होते. आता तेच वाक्य बोचतंय. आता म्हणजे काय? आधी काय होतं?

लुसियाँ एर्वे या फोटोग्राफरनं १९४९ साली कॉर्बुझिएच्याच फ्रान्समधल्या मार्सेयच्या इमारतीचे एका दिवसात ६५० फोटो काढून कॉर्बुझिएला पाठवले, आणि तुमच्यात वास्तुरचनाकाराचा आत्मा आहे, अशी पावती मिळवली. तो तर सरळ कात्री घेऊन प्रिंट कापायचा. नको तेवढी इमारत काढून टाकायची, की उरलेलं चित्र. त्यानं कापलं की कला. मी कापलं की वरची बाजू कुठली तेही कळेनासं होतं. आई म्हणते, "तू फार मनाला लावून घेतेस." दादाला सांगणार होते. नाही सांगितलं.

काल फ्रेम काढून सरळ धरली, उलटी धरली, परत सरळ. आणि एक गंमत दिसली. ऊन वरूनच येणार असं डोळा धरून चालतो. फोटो उलटा केला की सावल्या वरच्या अंगाला जातात आणि पुढं आलेला भाग आत गेल्यासारखा वाटतो. चंद्राच्या फोटोत खळग्यांच्या टेकड्या होतात, तसंच. माझे पट्टे उलटे धरले की खोबणी होतात. अख्खी भिंत आतून कोरल्यासारखी. म्हणजे मावशीला आवडली ती इमारत कॉर्बुझिएनं बांधलेली नाही, मीही टिपलेली नाही. ती रंगाऱ्यानं केली, एका खिळ्यात.

आणि खरं सांगू? खोबणीवाली जास्त चांगली आहे. मला राग यायला हवा होता, हसूच आलं. १९६१ साली न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात चित्रकार मातीसचं कागद कापून केलेलं होडीचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. तिथं तर दर्दी लोक येतात. आमच्याकडे चकली खायला येतात.

हूक तसाच ठेवलाय. मावशीला तिच्या हॉलसाठी एक प्रत हवी आहे. सोफ्याच्या वर जागा लांबट आहे, आडवा लावला तर चालेल का, असं विचारत होती.