गिऱ्हो, देवचार आणि चकवा : सिंधुदुर्गाच्या रानात तीन रात्री

आजोळच्या गावाचा भुतांचा नकाशा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. व्हाळाच्या (ओढ्याच्या) कोंडीत, म्हणजे खोल डोहात, गिऱ्हो, पिंपळावर मुंजा, पडक्या घराच्या चौथऱ्यावर समंध, शिवेवर देवचार आणि वर सड्यावर चकवा. यंदा जुलैत मी आणि मावसभाऊ मामांना पुढे घालून हा नकाशा रात्रीचा पायी फिरलो. कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

सुरुवात आरवलीपासून करा. वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाणाऱ्या रस्त्यावरच वेतोबाचं देऊळ आहे, एसटी दारात सोडते. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. पण इथे तो गावाचा राखणदार आहे. त्याला भूत म्हणालात तर चहाच्या टपरीवरही कुणी नीट बोलणार नाही. नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला एवढ्या मोठ्या की माझे दोन्ही पाय एकीत मावले असते. रात्री देव त्या घालून गावाभोवती फिरतो आणि म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. मी तळवे बघायला वाकलो, तर मामांनी मानेला धरून सरळ केलं. तेव्हा झिजले होते की नव्हते, ते सांगता येणार नाही.

मामांचं घर बांद्याच्या बाजूला. पहिली रात्र व्हाळाकाठची. गिऱ्हो म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत. ते ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पाणी गुडघाभरच आहे असं सांगतं आणि कोंडीत ओढतं. मासळीचं त्याला भारी वेड. त्याच्या शेंडीचा केस हाती लागला तर ते घरगड्यासारखं राबतं म्हणे, पण आमच्या गावात तेवढं धाडस कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मामांनी दोन नियम घातले : पिशवीत सुकं म्हावरं नको, आणि "हाक इली तर लगेच ओ देव नको, तिसरी येव दी." भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही, म्हणून. झालं काय, अर्ध्या तासाने मागून माझ्या नावाने हाक आली. मी गप्प. दुसरी आली, तरी गप्प. तिसरीला शिवी जोडलेली होती. भाऊ शेवाळलेल्या कातळावरून घसरून कमरेएवढ्या पाण्यात बसला होता. तेव्हा नियम पाळा, पण एकमेकांत शिट्टीची खूण आधी ठरवून घ्या. आणि जुलैत व्हाळ ओलांडूच नका. वर पाऊस झाला की पाणी बघता बघता चढतं. जिथे माणसं बुडत आली, नेमकी तीच कोंड गिऱ्होच्या नावाने लावलेली आहे, हे मला इतक्या वर्षांनी तिथे उभं राहिल्यावर दिसलं.

दुसऱ्या रात्री सडा. निघताना शिवेवर मामांनी देवचारासाठी एक विडी ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं. "ह्यी पोरा म्हमयची, तेंका वाट म्हायत नाय, सांभाळून घे रे म्हाराजा!" आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणालो. भाऊ हसू दाबत होता. देवचार खांद्यावर कांबळं, हातात काठी घेऊन हिंडतो आणि चुकलेल्याला वाटेला लावतो. मला सगळ्यांत आवडणारा हाच.

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, ना झाड ना बांध. धुकं उतरलं आणि विजेरीचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर थापला गेला. पायवाट समजून चाललो, तर एक पाण्याचं डबकं लागलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच डबकं. तिसऱ्यांदा तेच आलं, काठावर भावाने टाकलेला बिस्किटाचा कागद होता. (तो कागद उचलून आणला, मामा त्यावरूनही बोलले.) चकवा लागला होता. 2009 साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना रानात चालवून पाहिलं. सूर्य ढगाआड असला की माणसं सरळ जातोय असं समजून वर्तुळात फिरत राहिली. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळं जेमतेम 20 मीटर व्यासाची. हे मी मामांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "मग? मी येगळा काय सांगतंय?" त्यांनी सदरा उलटा घातला, आम्हालाही घालायला लावला, आणि धुकं हटेपर्यंत खाली बसवलं. सदऱ्याने काय होतं ते माहीत नाही, पण सदरा काढून उलटा घालायचा तर थांबावंच लागतं. चकव्यात सापडलात तर बसा. पाय पुढे टाकत राहणाराच कड्यावरून जातो.

तिसरी रात्र आंबोलीची. सावंतवाडीहून घाट चढून साधारण तीस किलोमीटर. इथला पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तेव्हा रेनकोटावर फार विश्वास ठेवू नका. कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये बांधून न्या. विजेरी बंद करून वीस मिनिटं नुसतं उभं राहिलं की कुजलेली फांदी हळूहळू हिरवट उजळायला लागते. ती बुरशी आहे, पावसाळ्यात ओल्या लाकडावर चमकते. रानात रात्री दिसते म्हणतात ती आग्या वेताळाची मशाल याहून फार वेगळी असेल असं वाटत नाही. फांदी उचलून फोटो काढणारे भेटतात. तसं करू नका. पायाखालीही बघा. आंबोली टोड नावाचा पिवळ्या पट्ट्यांचा छोटा बेडूक जगात फक्त याच भागात आहे. फांद्यांवर चापडा हा हिरवा विषारी साप वेटोळं घालून बसतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापडा त्यात नाही. म्हणून आधारासाठी फांदी धरायची सवय घरी ठेवून या, आणि वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर घ्या.

या रानातला माझ्या मते सगळ्यांत भयंकर प्राणी खसखशीएवढा आहे. गोचीड. माकडताप तिच्यामुळे पसरतो. हा आजार 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि गेल्या दहाएक वर्षांत बांदा, दोडामार्गच्या काजूच्या बागांत त्याने माणसं नेली आहेत. त्याचा जोर हिवाळ्यापासून मेपर्यंत. त्या दिवसांत गेलात तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका. पावसात गोचिडीऐवजी जळवा असतात. तंबाखू किंवा मीठ लावलं की सुटतात.

मुंबईला परतल्यावर मामांचा आठ दिवस रोज फोन येत होता. जुलै महिना आहे, मामा, असं सांगूनही प्रश्न एकच : "ताप नाय ना इलो?"