दोनदा वाजणारे तास

पहिल्याच रात्री चर्चच्या घड्याळाने जागं केलं. तीन टोले. कूस बदलली, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तीन टोले. मोबाइल पाहिला, तर तीन वाजून दोन मिनिटं. म्हटलं, बिघडलंय. एवढ्याशा गावात घड्याळ दुरुस्त करायला कोण येणार?

बर्गंडीतल्या त्या गावात मी महिनाभर राहायला होते. चर्च, बेकरी, ‘मेरी’ म्हणजे आपली ग्रामपंचायत, की संपलं गाव. फ्रान्समध्ये अशा लहानमोठ्या मिळून सुमारे ३५,००० ‘कम्यून’, म्हणजे गावं-शहरं, आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा महापौर. महापौर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाड्यांचा ताफा येतो. इथला ट्रॅक्टरवरून उतरायचा, कागदांवर सह्या करायचा आणि पुन्हा शेतावर.

घरमालकीणबाईंना सकाळी घड्याळाबद्दल विचारलं. त्या हसल्याच. बिघाड वगैरे काही नाही, बऱ्याच गावांत तास असाच दोनदा वाजतो. द्राक्षमळ्यात वाकून काम करणाऱ्याच्या कानावर टोले पडतात, पण लक्ष जाईपर्यंत दोन-तीन होऊन गेलेले असतात. मग तो थांबतो आणि दुसऱ्या खेपेला नीट मोजतो. मला हे फार म्हणजे फारच आवडलं. माणसाचं लक्ष नसणार, हे धरूनच चालणारं घड्याळ!

शहरातून येणाऱ्यांना मात्र याचा त्रास होतो. घंटांच्या तक्रारी होतात, कोंबड्यांच्याही. ओलेराँ बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्यावर तर पहाटे आरवतो म्हणून सुट्टीपुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला होता. २०१९ मध्ये कोंबडा जिंकला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये खेड्यातले आवाज आणि वास हा तिथला वारसाच आहे, असा कायदा झाला. म्हणजे शेणाच्या वासालाही सरकारी मान!

दुसऱ्या खेपेचा अनुभव मला बेकरीतही आला. आत शिरले आणि आपल्या सवयीने थेट म्हटलं, “एक बगेत.” म्हणजे तो लांबुडका फ्रेंच पाव. काउंटरमागच्या बाई हलल्याच नाहीत. माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, “बाँजूर, मादाम.” म्हणजे ‘नमस्कार, बाई’. पोरीला बाराखडी शिकवावी तसं. मी ओशाळून “बाँजूर” म्हटलं, मग पुन्हा बगेत मागितली, आणि त्या अशा हसल्या की जणू मी आत्ताच आत आले होते. नंतर तर मी बंद दारालाही बाँजूर म्हणायची. सोमवारी बेकरी बंद असते, हे ध्यानातच राहायचं नाही.

चौकात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारक आहे. १९१४–१९१८ खाली नावं कोरलेली. त्यात एकच आडनाव चार वेळा येतं. त्याच आडनावाची पाटी आजही बेकरीशेजारच्या घरावर आहे. त्याबद्दल मी कुणाला काही विचारलं नाही.

निघायच्या दिवशी बेकरीतून परतताना टोले सुरू झाले. मी तेव्हा बगेतचं गरम टोक मोडून तोंडात टाकत होते (घरी पोचेपर्यंत टोक शाबूत ठेवणारा माणूस मला त्या गावात दिसला नाही), त्यामुळे मोजायचं राहिलंच. बस कितीची, ते आठवत होतं. आता किती वाजले, तेवढं कळलं नव्हतं. मोबाइल घरी राहिला होता. स्मारकाच्या पायरीवर टेकले आणि पावाचा आणखी एक तुकडा मोडला.