तुम्ही विचारलंत म्हणून : चिंपांझीला एड्स का होत नाही?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावर नवखं कोणी असलं आणि मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवते हे त्यांना कळलं, की जिलबी वाढून होईपर्यंत हा प्रश्न येतोच. "आपण आणि चिंपांझी ९९ टक्के सारखे ना? मग एड्स आपल्यालाच कसा होतो?"

आधी त्या ९९ टक्क्यांचं. २००५ साली चिंपांझीचा जीनोम (डीएनएतला सगळा मजकूर) वाचून झाला, तेव्हा एकेका अक्षराचा फरक १.२३ टक्के निघाला. गळालेले-घुसलेले तुकडे धरले की तो वाढतो. पण खरी गोम वेगळीच आहे आणि ती मेरी-क्लेअर किंग व ॲलन विल्सन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच ओळखली होती : दोघांची प्रथिनं इतकी मिळतीजुळती आहेत, की फरक शोधायचा तर कोणतं जनुक कुठे, कधी आणि किती चालतं यात शोधावा. (जीनोम वाचायची सोय नसताना! मला या दोघांचा हेवा वाटतो.)

माझं लाडकं उदाहरण सिगलेक-५ या प्रथिनाचं. पांढऱ्या पेशींच्या अंगावर बसून ते पेशीला आवर घालतं; गणपतीच्या बंदोबस्तात काठी उगारलेल्या नव्या शिपायाला मागून "थांब रे" म्हणणारा जुना हवालदारच म्हणा. याचं जनुक आपल्याकडेही शाबूत आहे, काही पांढऱ्या पेशींवर ते प्रथिन दिसतंही. पण टी पेशींवर, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशींवर? चिंपांझीच्या आहे, आपल्या जवळजवळ नाहीच. अजित वर्की यांच्या सॅन दिएगोमधल्या संशोधक गटाने २००६ मध्ये हे दाखवलं. माणसाच्या टी पेशींत ते मुद्दाम आणलं तर त्या नरमल्या. चिंपांझीच्या पेशींवरचं झाकलं तर त्या जास्त चवताळल्या. एचआयव्हीत पेशी विषाणूमुळे मरतातच, शिवाय सतत भडकलेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच झिजत जाते. तिथे असा आवर उपयोगी पडावा, असा तर्क आहे. सगळं कोडं एकट्या सिगलेकवर सोडवू नये, हे मी विद्यार्थ्यांनाही बजावते.

आणि 'आपण तापट, ते शांत' असं सरसकट तर मुळीच नाही. २०२१ च्या एका अभ्यासात माणूस, चिंपांझी, रीसस माकड आणि बबून यांच्या रक्तात जिवाणूचा अंश किंवा विषाणूची नक्कल करणारं रसायन घालून चार तासांनी कोणती जनुकं जागी झाली ते पाहिलं. माणूस आणि चिंपांझी एका बाजूला गेले : दोघांचाही प्रतिसाद जोरकस, पण सरधोपट. माकडांचा बेताचा आणि नेमका.

आता तुमच्या प्रश्नातली चूक, जी पंगतीत सांगायचं राहून जातं. चिंपांझीला एड्स होत नाही हे प्रयोगशाळेतलं ज्ञान. तिथे शंभराहून अधिक चिंपांझींना एचआयव्ही टोचला गेला, आजारी फार थोडे पडले. पण आपला एचआयव्ही-१ ज्याच्यापासून आला, तो विषाणू मूळचा चिंपांझींचाच, आग्नेय कॅमेरूनमधल्या. आणि टांझानियातल्या गोंबे राष्ट्रीय उद्यानात या मूळ विषाणूची लागण झालेल्या चिंपांझींच्या मृत्यूचा धोका १० ते १६ पट असल्याचं २००९ मध्ये दिसलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये चिंपांझींवरचे असे प्रयोग थांबवले. टोचलेल्यांपैकी काही लुइझियानातल्या एका अभयारण्यात म्हातारे झाले.