तुम्ही विचारलंत म्हणून: पायलट नेम कसा धरतो?

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, आणि विमानांचं वेड त्याहून जुनं. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "सर, एवढ्या वेगात पायलट नेम धरतो तरी कसा?"

लगोरी खेळलात ना? पळणाऱ्या गड्याला चेंडू मारायचा तर दोन पावलं पुढे फेकावा लागतो. विमानात तेच, फक्त पावलं फार लांब. ताशी 480 किलोमीटरने आडवं जाणारं विमान 400 मीटरवर असेल, तर गोळी पोचेपर्यंतच्या जेमतेम अर्ध्या सेकंदात ते 65-70 मीटर सरकलेलं असतं.

पहिल्या महायुद्धात बंदुकीवर लोखंडी कडं आणि पुढे मणी असायचा. दोन्ही रेषेत आणायला डोकं एकाच जागी धरायचं, तेही हादरणाऱ्या विमानात! मग तिरकी काच आली. ती मी वर्गात करून दाखवायचो. टॉर्चवर काळा कागद, त्यात सुईने टोचलेलं कडं, बरोबर नाभीय अंतरावर भिंग आणि वर 45 अंशांत धरलेली साधी काच. काचेतून मैदानातला खांब बघायचा. प्रकाशाचं कडं त्याच्यावर बसलेलं दिसतं. डोकं थोडं हलवलं तरी कडं खांब सोडत नाही, कारण भिंगातून किरण समांतर येतात आणि कडं पार लांबवर असल्यासारखं वाटतं. पोरं आळीपाळीने माना वाकड्या करून बघायची. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात याच तत्त्वाची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, होती.

पण 'किती पुढे' हा अंदाज पायलटचाच, आणि तो बहुतेकांचा चुकायचा. 1944 च्या सुमारास ब्रिटिश विमानांत जायरोची, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाची, साइट आली. माझ्या मते खरी उडी ती. शत्रूच्या विमानाच्या पंखांची रुंदी आधी चकतीवर लावायची, जर्मनांचं मेसरश्मिट 109 असेल तर साधारण 32 फूट. मग थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्याची, मूठ पिळायची, काचेवरच्या ठिपक्याभोवतीच्या पत्त्यांतल्या चौकटसारख्या सहा खुणा पंखांच्या टोकांना टेकेपर्यंत. एवढ्यावरून यंत्राला अंतर कळे. आपलं विमान वळलं की जायरोवरचा आरसा मागे रेंगाळे आणि ठिपकाही मागे सरके. पायलटने फक्त ठिपका शत्रूवर ठेवायचा. बंदुकांची तोंडं आपसूक पुढे रोखली जात. विमान ओळखण्यात चूक झाली, की अंतरही चुकलंच. हाताला झटका बसला, की ठिपका भरकटलाच.

पुढे काचेवर वेग, उंची सगळंच उमटू लागलं. मिग-29 मध्ये तर नेम हेल्मेटवर आला; पायलट बघेल तिकडे क्षेपणास्त्राचा डोळा वळतो.

एवढं झालं की हटकून कारगिल निघतं. तिथे 16 हजार फुटांवरच्या विरळ हवेत साध्या बॉम्बचे नेहमीचे हिशेब चुकत होते. 24 जून 1999 ला टायगर हिलवर मिराज 2000 ने लेसरवर चालणारा बॉम्ब टाकला. विमानाखाली टांगलेल्या लाइटनिंग पॉड नावाच्या नळकांड्यातून लेसरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवायचा, बॉम्ब पडता पडता त्या ठिपक्याकडे कलत जातो.

हे ऐकून सातवीतला एक वात्रट म्हणाला होता, "म्हणजे सर, चेंडू फेकल्यावरपण वळवायचा? ही तर रडी झाली!"