पाच कुठे गेले? जर्नलच्या एका सहीचा माझा अनुभव

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं केमिस्ट्रीचं जर्नल माझ्याकडे अजून आहे. आईनं ते दोनदा रद्दीत काढलं, मी दोनदा परत कपाटात ठेवलं. सहाव्या प्रयोगाच्या पानावर लाल शाईची तीन प्रश्नचिन्हं आहेत, आणि त्या तीन चिन्हांपायी माझी प्रॅक्टिकलची एटीकेटी (राहिलेला विषय मागे ठेवून पुढच्या सेमिस्टरला जाणं) लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जर्नल सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत. सर्टिफाय व्हायचं तर प्रत्येक प्रयोगाखाली सरांची सही हवी. आमच्या सरांची सही गुरुवारी चार ते पाच या वेळेतच मिळायची. त्या एका तासात साठ-सत्तर पोरं स्टाफरूमच्या बाहेर, आणि आमच्या गावाकडची वडाप (खासगी शेअर जीप) साडेचारला सुटणार. ती चुकली की पुढची सातनंतर. म्हणजे सही नाकारली गेली तर गुरुवारही गेला आणि वडापही गेली. माझे असे तीन गुरुवार गेले.

बाकीचे प्रयोग कसे झाले ते आठवतही नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम असल्यानं संयुजा म्हणजे व्हॅलन्सी आणि क्षपण म्हणजे रिडक्शन हे जुळवण्यातच अकरावी संपली होती, पण बाँडिंग मला बरं समजलं होतं. मीठ आयनिक, म्हणून 801 अंशांना वितळतं. साखर सहसंयुज, ती त्याच्या किती तरी आधी आईच्या कढईत वितळून करपते. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला केमिस्ट्रीवाला समजत होतो.

सहावा प्रयोग होता मोहर सॉल्टचं पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थोडं थोडं सोडून त्याची तीव्रता काढायची. मोहर सॉल्ट म्हणजे फिकट हिरवट खडे, आत फेरस (अधिक दोन भाराचं) लोह. पिपेटनं (मोजनळीनं) या द्रावणाचं 10 मिली फ्लास्कमध्ये घ्यायचं, विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं, आणि वर ब्युरेटमधून (खुणा असलेल्या, खाली कॉक असलेल्या उभ्या नळीतून) जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. पडलेला थेंब पडल्या पडल्या विरतो. फ्लास्क हलवत राहायचं. मग एक थेंब असा येतो की त्याचा फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. तो एंड पॉइंट. वेगळा इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) लागत नाही, परमँगनेट स्वतःच सांगतं.

माझं रीडिंग आलं 10.0. दुसरं 10.1, तिसरं 10.0. खाली 10 मिली, वर 10 मिली! मी खूश. परमँगनेट 0.01 मोलर होतं, म्हणजे लिटरला 0.01 मोल. एचसीएल आणि कॉस्टिक सोड्याच्या टायट्रेशनला वापरलेलं सूत्र ठेवलं, एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान). म्हणजे मोहर सॉल्टही 0.01 मोलर. त्याला रेणुवस्तुमान 392 नं गुणलं, उत्तर लिटरला 3.92 ग्रॅम. सुवाच्य अक्षरात चौकट करून लिहिलं.

सरांनी पान बघितलं, चौकटीवर लाल प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारलं, "पाच कुठे गेले?"

"सर, कुठले पाच?"

"तेच विचारतोय. पुढचा."

बस्स. एवढंच. पुढचा आत आला, मी बाहेर.

मला वाटलं, रीडिंग पाच घ्यायची असतील. पुढच्या आठवड्यात मामांची (आमचे लॅब असिस्टंट, सगळे त्यांना मामाच म्हणायचे) विनवणी करून ब्युरेट मिळवली आणि पाच रीडिंग घेतली. उत्तर तेच, 3.92. दुसरं प्रश्नचिन्ह. सर म्हणाले, "द्रावण मी स्वतः बनवलंय. लिटरला 19.6 ग्रॅम टाकलेत."

19.6 भागिले 3.92 बरोबर 5. हे कळायला कॅल्क्युलेटर पुरला. पण पाच आले कुठून?

मग मी तेच केलं जे सगळे करतात. सीनियरचं जर्नल आणलं. त्यात सरळ लिहिलं होतं, परमँगनेटच्या एम-व्हीला 5 नं गुणा. गुणलं. 19.6 आलं. तिसऱ्या गुरुवारी छाती काढून आत गेलो. सरांनी विचारलं, "पाचनं का गुणलं?" मी म्हटलं, "सर, सूत्रच तसं आहे." तिसरं प्रश्नचिन्ह. तोपर्यंत परीक्षा आठवड्यावर आली होती, पुढचा गुरुवार सुट्टीचा निघाला, आणि माझं जर्नल अर्धवट राहिलं.

सरांनी एक वाक्य जास्त बोललं असतं तर माझं सेमिस्टर वाचलं असतं, हे मी आजही म्हणतो. रांगेतल्या साठ पोरांना एकेक वाक्य द्यायचं तर साठ वाक्यं होतात, हेही कळतं. पण राग कळण्यानं जात नाही.

पाच सापडले ते स्टँडवर. पुढच्या सेमिस्टरमध्ये एक दिवस वडापमध्ये बसून होतो. पुढचा भाग भरलेला, आणि ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता, "पाच सीट, फक्त पाच सीट!" पाच भरल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. मांडीवर जर्नल होतं. समोरच्या पानावर एम-एन-ओ-फोर (परमँगनेट) आणि शेजारी एफ-ई-टू-प्लस (फेरस लोह). डोक्यात एकदम जागा सापडली.

परमँगनेटच्या आयनात एक मँगनीज आणि चार ऑक्सिजन. प्रत्येक ऑक्सिजनला उणे दोन धरलं तर उणे आठ. पूर्ण आयनावर उणे एक. म्हणजे मँगनीजच्या खात्यावर अधिक सात. हे "अधिक सात" मला आधी नेहमी खोटं वाटायचं. सात इलेक्ट्रॉन काढून घेतलेला उघडा अणू द्रावणात फिरेलच कसा? तो तसा फिरत नाहीच. त्याचे ऑक्सिजनशी बंध असतात, इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले असतात. सात हा फक्त हिशेब आहे, सगळी वाटणी ऑक्सिजनच्या नावावर लिहून टाकली तर उरणारा. अभिक्रिया संपते तेव्हा तोच मँगनीज अधिक दोनवर येतो. सातावरून दोनवर, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतले. आणि फेरस लोह दोनवरून तीनवर जातं, म्हणजे प्रत्येक लोह एकच इलेक्ट्रॉन देतं.

परमँगनेट म्हणजे पाच सीटची वडाप, लोह म्हणजे एकेकटे पॅसेंजर. एका गाडीला पाच पॅसेंजर लागणारच. माझ्या 10 मिलीत जेवढ्या गाड्या, त्याच्या पाचपट पॅसेंजर खालच्या 10 मिलीत होते. आकारमान सारखं आलं म्हणून मी संख्या सारखी धरली होती! आम्ल-आम्लारीच्या त्या टायट्रेशनमध्ये एकास एक जातं, म्हणून सूत्र तिथे बिनबोभाट चालतं. सूत्राला समीकरण माहीत नसतं. आधी समीकरण लिहून प्रमाण बघा, मग एम-व्ही. ही टीप मी सुरुवातीलाच द्यायला हवी होती.

गाडी सुटली तेव्हा माझं अर्धं पान लिहून झालं होतं, अक्षर खड्ड्यांमुळे वेडंवाकडं.

सरांनी ताजं रीडिंग मागितलं. परत लॅब, परत मामा. उत्साहाच्या भरात सल्फ्युरिक घालायलाच विसरलो. परमँगनेट सोडतोय तर फ्लास्कमध्ये गुलाबी काही येईना, तपकिरी गढूळ पाणी, उसाच्या रसाची तळाला उरलेली माती असावी तसं. मामा मागून म्हणाले, "ॲसिड कुठाय, ॲसिड?" त्यांना समीकरण येत नव्हतं, पण तीस वर्षं तो गढूळपणा बघितलेला. आम्लातले आठ हायड्रोजन आयन त्या चार ऑक्सिजनना घेऊन चार पाण्याचे रेणू बनवतात. आम्ल कमी पडलं की मँगनीज चारावरच थांबतो, मँगनीज डायऑक्साइड होतो, तोच तो तपकिरी गाळ. वडाप तीनच सीट घेऊन निम्म्या वाटेत बंद पडली म्हणा. आणि आम्ल सल्फ्युरिकच हवं: एचसीएल घातलं तर परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करत (त्याचेच इलेक्ट्रॉन काढून घेत) बसतं, नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर. दोन्हीत रीडिंग खोटं येतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच येतो.

त्या दिवशी बोटंही तपकिरी झाली. घरी वडिलांनी जेवताना बघितली आणि घास थांबवून विचारलं, "तंबाखू कधीपासून?" परमँगनेटचे डाग आहेत हे पटवायला मला जर्नल उघडून दाखवावं लागलं. प्रश्नचिन्हं दिसली ती वेगळीच पंचाईत.

सही झाली तेव्हा सरांनी परत विचारलं, "पाच कुठे गेले?" मी सातावरून दोन, आठ हायड्रोजन, चार पाणी, सगळं एका दमात सांगितलं. वडापचं नाही सांगितलं. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, "पुढचा."

एटीकेटीच्या परीक्षेत मला ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन आलं. इथे प्रमाण आणखी वेगळं: ऑक्झॅलेट एका वेळी दोन इलेक्ट्रॉन देतं. म्हणजे जोडपी आली! पाच सीटच्या दोन गाड्या, दहा जागा, पाच जोडपी. एका जोडप्यातला नवरा एका गाडीत, बायको दुसरीत. दोनास पाच. रेणू काही असे गाडीत बसत नाहीत, पण हिशेब चुकत नाही. 0.01 मोलर परमँगनेटचं रीडिंग 9.6 आलं, उत्तर लिटरला 3.02 ग्रॅम. हे द्रावण 60 ते 70 अंशांपर्यंत गरम करून घ्यायचं असतं, आणि पहिल्या काही थेंबांचा रंग लवकर जात नाही. घाबरून तोच एंड पॉइंट समजू नका. थोडा मँगनीज-टू तयार झाला की तोच अभिक्रियेला वेग देतो, मग थेंब भराभर विरतात. माझ्या शेजारचा पहिल्याच थेंबाला थांबला होता आणि रीडिंग 0.1 लिहिणार होता.

आठवतंय तसं सांगतो. परमँगनेट गडद असतं, खालची वक्र कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचा, सुरुवातीलाही आणि शेवटीही. रबरी नळीची ब्युरेट घेऊ नका, परमँगनेट रबराला खातं. काचेच्या कॉकची मागा, मामांशी गोड बोलून. ब्युरेट आणि पिपेट आपापल्या द्रावणानं विसळायचं, पण फ्लास्क फक्त पाण्यानं. मोहर सॉल्टचं द्रावण जुनं असेल तर रीडिंग कमी येतं, हवेनं फेरसचं फेरिक (अधिक तीनचं लोह) होत जातं. त्यात बनवतानाच थोडं आम्ल घातलेलं असायला हवं.

आणि ब्युरेट भरून झाली की फनेल काढून बाजूला ठेवा. माझं त्या परीक्षेतलं पहिलं रीडिंग 9.4 आलं होतं. मी दहा मिनिटं समीकरणात चूक शोधत बसलो, आणि वर बघितलं तर फनेलच्या टोकाला अजून एक जांभळा थेंब लोंबत होता.