नाशिकच्या भांडीबाजारातली आमची वाटचाल

तांब्या-पितळेचं दुकान म्हटलं की लोक समजतात, स्टील आलं आणि धंदा बसला. आमचा बसला नाही. रुखवताला, देवघराला, न्हाणीघरातल्या बंबाला तांबं-पितळ लागतच राहिलं, मोड येत राहिली, नवी भांडी जात राहिली. त्या सगळ्या वर्षांबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे. दुकान उठायची वेळ आणली ती २०१९च्या पुराने आणि पाठोपाठ आलेल्या नकली तांब्याच्या चकचकीत बाटल्यांनी.

गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, पुराचं माप आम्ही क्युसेकवर धरत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की खालच्या फळ्या रिकाम्या करायच्या, छातीपर्यंत चढलं की माळ्यावर माल चढवायचा, हा आमचा ठोकताळा. ४ ऑगस्ट २०१९ला मारुती पुरता बुडाला आणि सराफ बाजारात, भांडीबाजारात पाणी शिरलं. तांबं पाण्याने मरत नाही. मरतं ते त्याच्या भोवतीचं. लेथची मोटर गेली, भात्याचं कातडं कुजलं, कोळसा गेला, उधारीच्या वह्यांचा लगदा झाला. सगळ्यात मोठं नुकसान लाकडी साच्यांचं. साचा फुगला, की त्यावर दाबलेल्या पत्र्याचा गोलावा एखाद्या सुताने सरकतो. मग झाकण गळ्यात बसत नाही, बसलं तर निघत नाही. सावलीत वाळवूनही निम्मे साचे भेगाळले.

चिखलाचा माल वाळू द्यायचा नसतो, हे नव्या दुकानदारांनी लिहून ठेवावं. गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने काढायचा, मग चिंचेचा कोळ, मग पुन्हा पाणी, आणि कोरड्या फडक्याने पुसूनच ऊन. झाळलेल्या, म्हणजे धातू वितळवून जोडलेल्या, सांध्यात गाळ सुकला तर तिथून हिरवं सुटतं आणि ते घासून जात नाही. आम्ही हे करत बसलो असताना बाजारातल्याच एका बड्या व्यापाऱ्याने आमच्या कोऱ्या हंड्यांना मोडीचा भाव लावला. पैशांची नड होती, थोडा माल दिला. पुढच्याच महिन्यात तो माल पॉलिश होऊन त्यांच्या काचेत नव्या भावाने उभा होता. याची टोचणी अजून गेलेली नाही आणि जायला हवी असंही वाटत नाही.

लेथ बंद होता तेव्हा वाचवलं ते बुरूडकाम करणाऱ्यांकडून उचललेल्या एका पद्धतीने. त्यांच्याकडे सुपांची मोठी ऑर्डर आली की ती चार घरांत वाटली जाते, पण मापाची काठी एकच फिरते, म्हणून कोणतं सूप कुणाचं ते ओळखू येत नाही. आम्ही आमचे पत्र्याचे फर्मे, म्हणजे मापाचे नमुने, शेजारच्या कारखान्यांना वापरायला दिले: घेर, गळा, बूड, तिन्हीचे वेगळे. पत्रा आमचा, २० गेज जाडीचा, वजन करून द्यायचा. तयार भांडं आणि कातरण मिळून वजन परत जुळलं पाहिजे. फर्मे दिले तर धंदा जाईल असं बाजारात खूप जण म्हणाले. फर्मा कोणीही कापू शकतो. पत्रा ठोकून ताठ झाला की भट्टीत अंधूक लाल करून पाण्यात सोडायचा, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो, आणि हे नेमकं कोणत्या ठोक्याला करायचं ते कान असलेल्यालाच कळतं. उशीर केला तर काठ तडकतो.

बाटल्यांचं प्रकरण वेगळं. आतून स्टील, बाहेरून तांब्याचा मुलामा, वर लाखेचा थर आणि पाटी ‘शुद्ध तांबं’. गिऱ्हाईक लोहचुंबक घेऊन यायचं, चिकटलं नाही की खूश. पण ३०४ जातीचं स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही, म्हणून ही परीक्षा कुचकामी. लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन तोंडाच्या आतल्या कडेला घासा. उघडं तांबं क्षणात गुलाबी होतं. स्टील तसंच राहतं. बाहेरून घासून काही झालं नाही तर वर लाख आहे. ही परीक्षा आम्ही दुकानातच मांडली. ही रीत येवल्याची. तिथला विणकर पैठणी आधी उलटी करतो, कारण हातमागावरच्या खऱ्या पैठणीची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ असते, लोंबते धागे नसतात. पदर मिरवण्याआधी पाठ दाखवायची. तेव्हापासून आमच्याकडे भांडं पालथं करून बूड आणि झाळ दाखवल्याशिवाय वजनकाट्यावर जात नाही. मशीनवर उठवलेले ठोके एकसारखे पडतात. हाताच्या मठारकामात प्रत्येक ठोका शेजारच्यावर थोडा चढलेला दिसतो.

भांड्याला आतून कथलाचा थर, म्हणजे कल्हई, देणाऱ्या चाचांकडून शिकलो ते कथील ओळखायला. चोख कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की करकरते. शिसं बरंच मिसळलेली मुकी असते आणि कागदावर ओढली तर काळी रेघ सोडते. शिसं स्वस्त, शिवाय कथील २३२ अंशांना वितळतं तर शिशाचं मिश्रण १८३पासूनच सुटू लागतं, म्हणजे कोळसाही वाचतो. भांडं तेवढंच पांढरं दिसतं, पण शिसं पोटात जातं. पातेलं आधी वाळू-चिंचेने घासायचं. तेलकट डाग राहिला तिथे कल्हई धरत नाही. भात्यावर फिरवत तापवायचं, कांडी टेकताच सुटली की ताप बरोबर. नवसागराची चिमूट, पांढरा धूर, आणि लगेच कापसाच्या बोळ्याने कथील तळातून काठाकडे. ताप वाढला तर पिवळट गुठळ्या, कमी पडला तर पट्टे. शेवटी गार पाणी. धुरात तोंड घालू नका, दार उघडं ठेवा.

आचारीमामांचा उल्लेख केल्याशिवाय हे पुरं होणार नाही. भांड्यावर नाव सगळेच कोरतात. मामांनी काठाखाली कल्हईची तारीखही कोरून मागितली, आणि ती आता आम्ही प्रत्येकाला कोरून देतो. २०२०मध्ये लग्नं बंद, पातेली टांगलेली, तरी टाळेबंदी सैल होताच ती पाळीपाळीने कल्हईला येत राहिली, रोखीने. मामा म्हणाले, “भट्टी विझली तर पुन्हा पेटवायला माणूस मिळत नाही.”

आता सिंहस्थाच्या गडवांची मागणी सुरू झाली आहे. गंगाजळ भरून तोंड झाळून देणाऱ्यांना एक सांगणं: गडू काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा. डाखाच्या, म्हणजे जोडाच्या कथलाच्या, उष्णतेने वाफ होते, ती कथलातून वाट काढते आणि सुईएवढं भोक ठेवते. कड अगदी कोरडी करा, मगच नवसागर लावा. झाळून झाल्यावर गडू कागदावर आडवा करून रात्रभर ठेवा. कागद ओला झाला तर तोंड उकलून नव्याने झाळा, वरून डाख थापू नका. आणि घरची पातेली कल्हईला द्यायची तर आषाढात आणा. दिवाळीच्या तोंडावर आणलीत तर नंबर लागेल, तेव्हा रागावू नका.