चमचा कुठून घेतला?

अर्धा लिटर कोमट दुधात एक चमचा विरजण घातलं, म्हणजे साधारण 5 मिलिलिटर, की दह्यातले जीवाणू शंभरपट विरळ होतात. पुन्हा पूर्वीइतके दाट व्हायला त्यांना सहा-सात वेळा दुप्पट व्हावं लागतं. गणिताने नेमकं सांगायचं तर 6.64 वेळा. दुसऱ्या दिवशी त्याच दह्यातला चमचा नव्या दुधात जातो आणि उरलेलं कढीत. वंश चालतो तो फक्त चमच्यात आलेल्यांचा.

प्रायोगिक उत्क्रांती नावाची शाखा नेमकं हेच करते, फक्त निर्जंतुक भांड्यात, मोजून आणि वर्षानुवर्षं. दह्याचं उदाहरण नुसत्या तुलनेपुरतं नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वनस्पतीवर राहणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जीवाणू 1,000 पिढ्या दुधात वाढवला गेला. दुग्धव्यवसायातल्या त्याच्या भाईबंदांच्या जनुकसंचात जे बदल दिसतात, त्याच धाटणीचे बदल, विशेषतः अमिनो आम्लं तयार करण्याच्या आणि आत घेण्याच्या व्यवस्थेतले, त्याच्यातही दिसले.

या सगळ्या प्रयोगांत मला एकच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: चमचा कुठून घेतला? प्रयोग करणाऱ्याच्या मनात काय होतं याला उत्क्रांतीच्या लेखी काही किंमत नाही. प्रत्यक्षात कोण पुढच्या भांड्यात गेलं, एवढंच तिला कळतं.

सर्वात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांचं. 24 फेब्रुवारी 1988 रोजी त्यांनी ई. कोलाय जीवाणूच्या एकाच पूर्वजापासून बारा वंश सुरू केले. पद्धत आजही तीच आहे. 50 मिलिलिटरचा फ्लास्क, त्यात 9.9 मिलिलिटर ताजं माध्यम, म्हणजे जीवाणूंचं अन्न विरघळवलेलं पाणी, कालच्या फ्लास्कमधले 0.1 मिलिलिटर द्रव, 37 अंश सेल्सिअस, मिनिटाला 120 फेऱ्यांचा शेकर. म्हणजे आपल्या विरजणाचंच प्रमाण, एकास शंभर. माध्यमात ग्लुकोज लिटरला फक्त 25 मिलिग्रॅम. ते काही तासांत संपतं आणि उरलेला दिवस उपास. दिवसाअखेरी फ्लास्कमध्ये सुमारे 50 कोटी पेशी असतात, पुढे जातात 50 लाख. या जीवाणूंत आपापसांत जनुकांची देवघेव होत नाही, त्यामुळे जो काही नवा फरक दिसेल तो त्या वंशातल्या उत्परिवर्तनातूनच आलेला.

बारा फ्लास्क रोज हाताळायचे म्हटल्यावर कधीतरी एकातला थेंब दुसऱ्यात पडणारच. त्यावरचा उपाय सुरेख आहे. सहा वंश अरॅबिनोज ही साखर वापरू शकतात, सहा नाही. टेट्राझोलियम हा रंग बदलणारा पदार्थ आणि अरॅबिनोज घातलेल्या प्लेटवर न वापरणाऱ्यांच्या वसाहती लाल दिसतात, वापरणाऱ्यांच्या पांढरट. रोजच्या हाताळणीत एक लाल, एक पांढरा असा क्रम ठेवायचा. लाल वंशाच्या प्लेटवर पांढरा ठिपका दिसला की शेजाऱ्याची भेसळ लगेच कळते. शिवाय एक फ्लास्क नुसत्या माध्यमाचा ठेवायचा. तो गढूळ झाला तर माध्यमातच घाण आहे. आदल्या दिवसाचे फ्लास्क 4 अंशांवर फ्रिजमध्ये राखून ठेवायचे, म्हणजे आजचं बिघडलं तर कालचं हाताशी असतं. आणि दर 500 पिढ्यांनी, म्हणजे दर 75 दिवसांनी, प्रत्येक वंशाचा नमुना ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांवर गोठवायचा.

या प्रयोगाचा जीव त्या डीप फ्रीझरमध्ये आहे. दगडातला जीवाश्म पुन्हा जिवंत होत नाही. हे नमुने होतात. 2020 साली कोविडमुळे प्रयोग थांबवावा लागला, तरी तो फ्रीझरमधून पुन्हा सुरू करता आला. 2022 मध्ये सगळे वंश मिशिगनहून टेक्सासला जेफ्री बॅरिक यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेव्हा 75,000 पिढ्या झाल्या होत्या.

गोठवलेला पूर्वज आणि आजचा विरुद्ध रंगाचा वंशज यांची झुंजही लावता येते. दोघांना आधी एक दिवस त्याच माध्यमात स्वतंत्र वाढू द्यायचं. ही पायरी गाळली तर फ्रीझरमधून उठलेला सुस्त असतो आणि निकाल खोटा येतो. मग समसमान मिसळायचं, सुरुवातीला आणि 24 तासांनी प्लेटवर पसरायचं आणि लाल-पांढऱ्या वसाहती मोजायच्या. समजा सुरुवातीला दोघे 50-50 होते. दिवसभरात एकूण संख्या शंभरपट झाली आणि शेवटी पूर्वज 30 टक्के, वंशज 70 टक्के उरला. म्हणजे पूर्वज 60 पट वाढला, वंशज 140 पट. 60 चा नैसर्गिक लॉगरिदम 4.09, 140 चा 4.94, भागाकार 1.21. वंशजाची सापेक्ष क्षमता 21 टक्के जास्त. अडचण पुढे येते. वंशज फारच सरस झाला की प्लेटवर पूर्वजाच्या वसाहती दोन-चारच उरतात आणि तेवढ्यावर काढलेला आकडा भरवशाचा नसतो. तेव्हा पूर्वज जास्त प्रमाणात मिसळावा लागतो किंवा मधल्या पिढीतला प्रतिस्पर्धी घ्यावा लागतो. लाल आणि पांढरा पूर्वज एकमेकांशी लढवून बरोबरी होते ना, हेही आधी पाहायचं. खूणच कुणाला जड जात असेल तर सगळी मोजमापं वाकडी.

निकाल काय? पेशी आकाराने मोठ्या झाल्या, ताजं माध्यम मिळताच वाढ लवकर सुरू होऊ लागली, आणि 50,000 पिढ्यांपर्यंत क्षमता सुमारे 70 टक्क्यांनी वाढली. वाढीचा वेग मंदावला, पण ती थांबली नाही. बारापैकी सहा वंशांत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडली आणि उत्परिवर्तनांचा दर कितीतरी वाढला. पण रोज पेशी घेताना जो आधी जागा होतो त्यालाच आपण निवडत असतो, हे लक्षात घ्या. 'ग्लुकोज खाण्यात तरबेज' एवढीच ही निवड नव्हती. रोजच्या उपासातून झटकन उठणं हा तिचा मोठा भाग होता.

2003 च्या जानेवारीत बारापैकी एक फ्लास्क नेहमीपेक्षा खूप गढूळ दिसला. पहिला संशय भेसळीचाच. पण तपासल्यावर त्याच वंशाच्या जुन्या खुणा त्या पेशींत सापडल्या. माध्यमात लोह विरघळलेलं राहावं म्हणून सायट्रेट घातलेलं असतं, ग्लुकोजपेक्षा पुष्कळच जास्त. ई. कोलायला ऑक्सिजन असताना सायट्रेट आत घेता येत नाही. जीवाणू ओळखण्याची ती एक खूणच आहे. सुमारे 31,000 पिढ्यांनंतर एका वंशाने ही मर्यादा ओलांडली होती. लेन्स्की यांच्या गटातल्या झॅकरी ब्लाउंट यांनी वेगवेगळ्या पिढ्यांचे गोठवलेले नमुने उठवून तोच इतिहास पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. 20,000 पिढ्यांच्या पुढच्या नमुन्यांतूनच हा गुण पुन्हा उपजला, आधीच्यांतून नाही. हे 2008 साली प्रसिद्ध झालं. 2012 मध्ये जनुकसंच वाचल्यावर यंत्रणा कळली. सायट्रेट आत आणणाऱ्या जनुकाची दुसरी प्रत तयार झाली आणि ती अशा जागी बसली, जिथला शेजारचा 'सुरू करा' हा स्विच ऑक्सिजन असतानाही चालू असतो. प्रथिन जुनंच, फक्त त्याला चालवणारा बदलला.

हा गुण म्हणजे हजारो पिढ्यांची दुर्मीळ वाट, असं चित्र त्यातून उभं राहिलं. पण 2016 मध्ये दुसऱ्या गटाने थेट सायट्रेटवर जगण्याची निवड लावली, तेव्हा तसेच जीवाणू काही आठवड्यांतच मिळाले. यावरून बराच वाद झाला. माझ्या मते दोन्ही प्रयोग खरे आहेत आणि दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिल्यात ग्लुकोज संपलं तरी दुसऱ्या दिवशी नवं माध्यम मिळायचंच, म्हणून सायट्रेट थोडंसं चाटता येणाऱ्याला फारसा फायदा नव्हता. दुसऱ्यात सायट्रेट खा नाहीतर मरा, अशी वेळ होती.

आता चमचा तळातून घेऊन पाहू. विल रॅटक्लिफ आणि सहकाऱ्यांनी बेकरीत वापरतात त्याच जातीच्या यीस्टवर हे केलं आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केलं. कल्पना अगदी साधी: द्रव स्थिर ठेवायचा आणि लवकर तळाशी बसलेलेच पुढे न्यायचे. दहाच्या दहा वंशांत 60 दिवसांच्या आत पेशी एकत्र राहून हिमकणासारखे फांद्यांचे गुच्छ तयार झाले. त्याचं कारण मुख्यतः एका नियामक जनुकातला बिघाड. एसीई2 हे जनुक बंद पडलं की मुकुलनानंतर, म्हणजे पेशीला अंकुर फुटून नवी पेशी झाल्यावर, मुलगी-पेशी आईपासून सुटतच नाही, कारण मधली भिंत विरघळवणारी विकरं तयार होत नाहीत.

पुढचा मोठा प्रयोग अशाच गुच्छांपासून सुरू झाला. रोज 10 मिलिलिटर माध्यमात वाढ, त्यातले 1.5 मिलिलिटर लहान नळीत, 3 मिनिटं बसू द्यायचं आणि तळाचे 50 मायक्रोलिटर नव्या नळीत. ऑक्सिजन वापरणारे गुच्छ फार मोठे होईनात. ऑक्सिजन आतल्या पेशींपर्यंत झिरपत नाही, त्यामुळे मोठं होणं तोट्याचं ठरतं. पण ज्यांची मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा देणारी पेशीतली केंद्रं, निकामी केली होती आणि जे फक्त किण्वनावर (साखर आंबवून) जगत होते, ते 600 वेळा निवडल्यावर सुरुवातीच्या सुमारे 20,000 पट मोठे झाले. एकेका गुच्छात साडेचार लाखांहून जास्त पेशी, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. पेशी लांबोडक्या झाल्या, फांद्या एकमेकींत गुंतल्या, आणि गुच्छाचा चिवटपणा सुमारे दहा हजार पट वाढला. आधीचा गुच्छ एक फांदी तुटली की फुटायचा. गुंतल्यावर एक तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, काटेरी झुडपासारख्या. हे 2023 मध्ये आलं. 2025 मध्ये त्याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट समोर आली: पहिल्या 50 दिवसांतच जनुकसंच दुप्पट होऊन पेशींत गुणसूत्रांचे चार संच झाले होते, आणि पुढचे साडेनऊशे दिवस ते टिकले. एरवी प्रयोगशाळेत चार संचांचं यीस्ट हळूहळू दोन संचांवर उतरतं. इथे मोठी आणि लांब पेशी फायद्याची होती, म्हणून निवडीनेच तो जास्तीचा भार टिकवला.

शैवालावर असाच ताण शिकाऱ्याने आणता येतो. क्लॅमिडोमोनास या एकपेशी हरित शैवालात ते खाणारा पॅरामिशियम हा एकपेशी जीव सोडला, तेव्हा 50 आठवड्यांत पाचपैकी दोन वंशांत बहुपेशी रचना आल्या. इथे पुढे कुणी जायचं ते पिपेटने नाही, शिकाऱ्याच्या तोंडाने ठरवलं.

पुण्याच्या आयसर संस्थेत सुतीर्थ डे यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर झालेलं काम याच जातीचं. एका डब्यात माश्या सोडायच्या, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला दुसरा डबा. सुमारे निम्म्या माश्या पलीकडे पोचल्या की पुढची पिढी फक्त त्यांच्या अंड्यांपासून. पिढ्यांगणिक नळीची लांबी वाढवत न्यायची. माश्या दूर जायला शिकल्या हे अपेक्षितच. पण त्या जास्त हलत्या, जास्त धुंडाळणाऱ्या आणि जास्त भांडखोरही झाल्या. माश्यांत दोन गोष्टी हमखास फसवतात. एक, अंड्यांची संख्या. नळीत अंडी दाट पडली की अळ्यांची खाण्यासाठी झुंबड उडते, माश्या लहान निपजतात, वाढीचा काळ बदलतो. म्हणून अंडी मोजून घालायची. दुसरी, आईचा प्रभाव. चाचणीआधी निवडलेले आणि नियंत्रणातले (तुलनेसाठी निवडीविना ठेवलेले) दोन्ही गट एक पिढी अगदी सारख्या परिस्थितीत वाढवायचे, नाहीतर आईच्या उपासमारीचा परिणाम जनुकांच्या खात्यावर मांडला जातो.

महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत हे करायचं तर यीस्टच बरं. लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 10 ग्रॅम, पेप्टोन 20 ग्रॅम, डेक्स्ट्रोज 20 ग्रॅम; 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक. डेक्स्ट्रोज वेगळं निर्जंतुक करून नंतर मिसळलं तर माध्यम करपट तपकिरी होत नाही. किमान पाच नळ्या निवडीच्या आणि पाच नियंत्रणाच्या. नियंत्रणात सगळं तेच, फक्त द्रव नीट ढवळून मग घ्यायचा. एकच नळी लावली तर जे दिसलं ते निवडीमुळे की योगायोगाने, हे कधीच सांगता येणार नाही. रोज नवी नळी हवी. जुन्यातच माध्यम ओतत राहिलं तर काचेला चिकटणारे जिंकतात आणि तळाची निवड नावापुरती उरते.

गुच्छ दिसले म्हणून लगेच हुरळून जायचं नाही. यीस्टच्या सुट्या पेशी कॅल्शियमच्या मदतीने एकमेकींना चिकटूनही गोळे करतात, आणि त्यात नातं नसलेल्या पेशीही असतात. थोडं ईडीटीए हे रसायन घातलं की असे गोळे सुटतात, कारण ते कॅल्शियम धरून ठेवतं. हिमकणी गुच्छ सुटत नाहीत. त्यांच्या पेशी भिंतीनेच जोडलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली आई-मुलीची साखळी दिसली की खात्री. गुच्छ मोठे होऊ लागले की पिपेटची टिप रुंद तोंडाची घ्या. अरुंद टिपेत मोठे गुच्छ अडकतात किंवा तुटतात, आणि पुढच्या नळीत जातात ते लहानच. आठवड्यातून एकदा प्रत्येक नळीचा नमुना ग्लिसरॉलमध्ये, शेवटचं प्रमाण 20 टक्के येईल असा, गोठवा आणि नळीवर वंश, तारीख आणि कितवी निवड हे तिन्ही लिहा. साधी शाई अल्कोहोलने पुसली जाते, तेव्हा त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा.